मार खातो, तशी चूक 'मेक' करतो

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. तुझ्या साहेबांना 'आय डिड अ मिस्टेक' असं लिहून चूक कबूल करायला गेलास आणि कबुलीतच दुसरी चूक करून बसलास! हसलो, माफ कर. पण हा घोळ आपल्या 'करणे'चा आहे. आपण चूक करतो, मैत्री करतो, गोंगाट करतो, गृहपाठ करतो, उपकार करतो. एका क्रियापदात सगळं भागतं. इंग्रजीत यातल्या पहिल्या तिघांना 'मेक' लागतं, उरलेल्या दोघांना 'डू'.

ठोकताळा असा सांगतात की काही नवं तयार झालं तर मेक, काम उरकलं तर डू. केक मेक करायचा, भांडी डू करायची. इथवर ठीक. पण सकाळी उठून अंथरूण नीटनेटकं केलं तरी तेही 'मेक द बेड'च. तिथे कुठे कुणी सुतारकाम करतं? पैसा कमावणं 'मेक मनी', धंदा करणं मात्र 'डू बिझनेस'. आणि 'मेक डू' तर कहरच आहे: दोघं एकत्र नांदतात आणि अर्थ निघतो, आहे त्यात भागवणे. निर्णयाला अमेरिकेत 'मेक' लागतं, ब्रिटिश इंग्रजीत 'टेक'ही चालतं. म्हणजे आपलं 'निर्णय घेणे' तिथे अगदीच परकं नाही.

अशा जोड्यांना कोलोकेशन म्हणतात. १९५०च्या दशकात जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने ही संज्ञा रुळवली. त्याचा मुद्दा साधा होता: शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते.

असं का, म्हणून चिडू नकोस. आपलं 'खाणे' बघ. आपण मार खातो, शिव्या खातो, भाव खातो, कच खातो, गटांगळ्या खातो, लाचही खातो. यातला घास कुठला, हे लहानपणी तरी आपण कुणाला विचारलं होतं का? उद्या कुणी परभाषिक 'मी गटांगळ्या घेतल्या' म्हणाला, तर तो बुडत होता हे कळेल, पण कानाला खटकेल. तुझ्या वाक्याचं नेमकं तेच झालं.

मी वहीत सुटा शब्द टिपणं केव्हाच सोडलं. 'मिस्टेक' नाही, 'मेड अ मिस्टेक' अख्खं लिहितो. 'एफर्ट' नाही, 'मेक अॅन एफर्ट'. 'फेवर' आला की 'डू मी अ फेवर'. 'डू युवर बेस्ट' कशाला लिहायचं, ते सगळ्यांना पाठच असतं.

'हॅव'बद्दल विचारलंस, त्याला वेगळं पत्र लागेल. तोवर त्या साहेबांना पुन्हा लिही, आणि या खेपेला 'मेड' लिही.

तुझा,
अविनाश