घड्याळ डिसेंबरात सुरू होतं

पुणे

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या विद्यापीठात महिलांच्या हॉकी संघाला शिकवायच्या नोकरीचं तुझं करारपत्र दोनदा वाचलं. पगार, विमा, प्रवासभत्ता ठीक आहे. पण ‘करार एक वर्षाचा, ३० जूनला संपेल’ या ओळीवर तू नुसती बरोबरची खूण करून पुढे गेली आहेस. सगळी गोम तिथेच आहे. तुझी हॉकी टर्फवरची आणि मी सांगतेय ते प्रकरण बर्फावरच्या हॉकीचं, पण करारांची भाषा दोन्हीकडे एकच. म्हणून शॅनन मिलरचं प्रकरण सविस्तर लिहिते.

मिलर मूळची कॅनडातल्या सस्कॅचवानची, कॅलगरीत पोलीस होती. १९९८ला नागानोमध्ये महिलांची आइस हॉकी पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली, तेव्हा कॅनडाची मुख्य प्रशिक्षक तीच होती. रौप्य मिळालं. मग अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या डलुथ कॅम्पसनं तिला महिलांचा संघ उभा करायला बोलावलं. तिथे आधी संघच नव्हता, पहिला मोसम १९९९-२०००चा. एनसीएएची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेची, महिला आइस हॉकी स्पर्धा २००१ला सुरू झाली आणि पहिली तिन्ही विजेतेपदं डलुथनं नेली. पुढे २००८ आणि २०१०. त्या शेवटच्या अंतिम सामन्यात कॉर्नेलशी २-२ अशी बरोबरी झाली, जादा वेळेची दोन सत्रं कोरडी गेली, आणि तिसरं संपायला जेमतेम ३४ सेकंद उरले असताना जेसिका वाँगनं गोल केला. एका सामन्यात जवळजवळ दोन सामन्यांचा खेळ.

डिसेंबर २०१४मध्ये, ऐन मोसमात, विद्यापीठानं तिला कळवलं की तुमचा करार वाढवणार नाही. तिला ‘काढलं’ असं सगळे म्हणतात, पण कागदोपत्री तिला काढलेलं नाही. करार संपेपर्यंत ती पदावर होती, मोसमही तिनंच पूर्ण केला. मुदतीचा करार न वाढवायला मालकाला कारण लागत नाही. मात्र कारण असेल तर ते कायद्यानं मना केलेलं असून चालत नाही: बाई आहे म्हणून, किंवा तिनं भेदभावाची तक्रार केली म्हणून. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीतूनच तिचा खटला उभा राहिला.

विद्यापीठानं तेव्हा पैशाचं कारण दिलं. तिचा मूळ पगार वर्षाला २ लाख ७ हजार डॉलर होता, महिला कॉलेज हॉकीत सर्वांत जास्त, आणि क्रीडा विभाग तोट्यात. पण कमी पगारावर राहशील का, असं तिला कोणी विचारलंच नाही. पुरुष संघाच्या प्रशिक्षकाचा पगार तिच्यापेक्षा जास्त असून त्याचा करार मात्र चालू राहिला. पुढे खटल्यात विद्यापीठानं भर दिला तो खेळातल्या घसरणीवर. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. २०११नंतर संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोचलाच नव्हता. माझं मत विचारशील तर पहिल्या दिवशी तेवढंच, आकड्यांनिशी लिहून दिलं असतं तर मिलरला खटला जड गेला असता. कारण बदललं की खरं कारण तिसरंच असावं, हा तर्क ज्यूरीला करता येतो, आणि तिच्या वकिलांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

सप्टेंबर २०१५ला दावा दाखल झाला. सोबत त्याच कॅम्पसवरच्या बास्केटबॉलच्या आणि सॉफ्टबॉलच्या महिला प्रशिक्षकही होत्या. लिंग, वय, राष्ट्रीयत्व, लैंगिक कल असे बरेच मुद्दे होते. ज्यूरीपर्यंत पोचले ते फक्त मिलरचे दोन: लिंगभेद, आणि तक्रार केल्याबद्दल सूड. हा दुसरा मुद्दा तुझ्या कामाचा. महिला संघाला पुरुष संघाच्या मानानं कमी सोयी मिळतात, अशी तक्रार ती करत आली होती. अशी तक्रार करणाऱ्या प्रशिक्षकालाही १९७२च्या ‘टायटल नाइन’चं (सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा कायदा) संरक्षण मिळतं, हे २००५ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं. तो दावा अलाबामातल्या मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षकाचा होता, आणि तो पुरुष होता.

१५ मार्च २०१८ला ज्यूरीनं दोन्ही मुद्द्यांवर मिलरच्या बाजूनं कौल दिला. बुडालेल्या पगाराचे ७,४४,८३२ डॉलर आणि मानसिक त्रासाचे ३० लाख. (पुढच्याच महिन्यात डलुथच्या पुरुष संघानं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, तेव्हा कॅम्पसवर कोणत्या बातमीची चर्चा जास्त झाली असेल, कोण जाणे.) पेपरांत ३७ लाखांचा मथळा आला आणि लोकांच्या डोक्यात तोच बसला. पण फेब्रुवारी २०१९ला न्यायाधीश पॅट्रिक शिल्ट्झ यांनी मानसिक त्रासाचे ३० लाख साडेसात लाखांवर आणले आणि नोकरी परत देण्याऐवजी पुढच्या पगारापोटी ४,६१,२७८ डॉलर जोडले. बेरीज कर: साडेएकोणीस लाखांच्या आसपास. डिसेंबर २०१९ला तडजोड झाली ४५ लाख ३० हजारांवर, पण त्यात वकिलांची फी धरलेली. नोटीस ते तडजोड, बरोबर पाच वर्षं.

आणि आज तोच खटला तसाच चालणार नाही. लिंगभेदाच्या नोकरीविषयक कायद्यात, म्हणजे ‘टायटल सेव्हन’मध्ये, मालक कितीही मोठा असला तरी मानसिक त्रास आणि दंडात्मक भरपाई मिळून तीन लाख डॉलरची मर्यादा आहे. टायटल नाइनला अशी मर्यादा नव्हती, म्हणून तो मार्ग मोलाचा होता. एप्रिल २०२२मध्ये सुप्रीम कोर्टानं सरकारी निधीशी जोडलेल्या दुसऱ्या कायद्यांखाली मानसिक त्रासाची भरपाई नाकारली, आणि खालची बरीच कोर्टं तेच टायटल नाइनला लावतात. तेव्हा कोणी तुला मिलरचा आकडा सांगून धीर द्यायला लागलं तर त्याला २०२२चा निकाल विचार.

तिचं पुढे काय झालं? कॉलेज हॉकीत ती मुख्य प्रशिक्षक म्हणून परतली नाही. कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जच्या वाळवंटात जाऊन तिनं ‘सनी सायकल’ नावाचा धंदा काढला. उघडी लांब गाडी, दोन्ही बाजूंना बसलेली गिऱ्हाइकं पेडल मारतात, हँडल चालकाकडे, आणि वरात गावातून फिरते. पाच विजेतेपदांच्या प्रशिक्षकानं हे करावं याचं मला वाईट वाटतं, पण कायद्याच्या दृष्टीनंही ते रिकामं बसण्यापेक्षा बरंच. नोकरी गेल्यावर दुसरं काम शोधायचा प्रामाणिक प्रयत्न करावा लागतो, नाहीतर बुडालेल्या पगारातून तेवढं वजा होतं. जिथे जिथे अर्ज केला त्याची तारीख आणि आलेलं उत्तर, नकार असला तरी, जपून ठेवायचं.

आता तुझ्या करारात काय बघायचं ते. करार वाढवणार नसतील तर किती दिवस आधी कळवतील, आणि कारण लेखी देतील का, हे विचार. बहुतेक नाही म्हणतील. तरी विचार, आणि फोनवर नको, ईमेलवर. वार्षिक मूल्यमापन कशावर होतं तेही लिहून घे: सामन्यांचे निकाल, मुलींचे गुण, नव्या खेळाडूंची भरती, यातलं काय आणि किती.

एक वही घाल. पुरुषांच्या संघाला काय मिळतं, तुमच्या संघाला काय, तारखेसकट. ऑफिसची कागदपत्रं मात्र स्वतःच्या ईमेलवर पाठवत बसू नकोस. तो नियमभंग ठरला तर त्यांच्या हाती आयतं कारण पडतं.

तक्रार करायची वेळ आलीच तर शब्द जपून वापर. ‘आम्हाला नीट वागवत नाहीत’ ही कुरकुर झाली. ‘त्यांना तीन सहायक प्रशिक्षक, आम्हाला एक, त्यांना मैदान दुपारी चारला, आम्हाला रात्री नऊनंतर, हा लिंगभेद आहे असं मला वाटतं’ ही तक्रार. ‘लिंगभेद’ हा शब्द त्यात हवाच. तो नसेल तर नंतर म्हणतात, ही तर सोयींबद्दल बोलत होती. पाठवायची ती विद्यापीठाच्या टायटल नाइन समन्वयकाला, प्रत तुझ्याकडे.

आणि सगळ्यात जास्त जिथे फसगत होते ती मुदत. टायटल सेव्हनखाली दावा करायचा तर आधी अमेरिकी सरकारच्या समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार नोंदवावी लागते, १८० दिवसांत, आणि राज्याची तशी संस्था असेल तर ३०० दिवसांत. हे दिवस करार संपल्यापासून मोजत नाहीत. ‘वाढवणार नाही’ असं कळवलं त्या दिवसापासून मोजतात. सुप्रीम कोर्टानं १९८०लाच हे ठरवून टाकलं आहे. डिसेंबरात पत्र आलं आणि ‘मोसम तर संपू दे’ म्हणून जूनअखेरपर्यंत थांबलीस, तर १८० दिवस हातातून गेलेले असतात.

तुझ्या बाबतीत त्यात व्हिसाही आला. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी संपली तर तिथे राहायला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. म्हणजे पत्र हातात पडल्यावर एकाच आठवड्यात दोन वकील गाठायचे, एक नोकरीचा, एक व्हिसाचा.

पान ३ वरच्या ‘विद्यापीठाच्या धोरणांनुसार’ या कलमात कोणती धोरणं ते कुठेच लिहिलेलं नाही. ती पुस्तिका मागव आणि मला पाठव. तोवर सही करू नकोस, शुक्रवारपर्यंत मुदत आहे.

तुझी,
आई