नोंदींची दुसरी प्रत हवीच

गेल्या पावसाळ्यात वीज पडून आमच्या तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयाचा संगणक जळाला. आईच्या मधुमेहाच्या दोन वर्षांच्या नोंदी त्यातच होत्या. केसपेपर खिडकीवरच्या ताईंनी औषध विचारले, तर आईला फक्त गोळीचा रंग आठवला. बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण कायम त्याच संगणकाला जोडलेली, तीही गेली. नोव्हेंबर २०२२ मधील सायबर हल्ल्यानंतर दिल्लीच्या ‘एम्स’लाही कित्येक दिवस कागदावर काम करावे लागले होते. मग लहान रुग्णालयांनी किती जपायला हवे! रोज संध्याकाळी सुट्या डिस्कवर प्रत घ्यावी, डिस्क काढून कपाटात कुलूपबंद ठेवावी. आणखी एक प्रत, पासवर्ड घालून, इमारतीबाहेर असावी. महिन्यातून एकदा ती उघडते का, हेही पाहावे. जिल्हा आरोग्य विभागाने यासाठी डिस्क आणि जबाबदार माणूस, दोन्ही द्यावेत.

– एक वाचक