केसपेपरवरच्या ‘हो / नाही’मध्ये फुप्फुसांचा इतिहास मावत नाही

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

विषय : रुग्णाच्या आयुष्यभराच्या धूम्रपानाची केसपेपरवर आकड्यांत नोंद घेण्याबाबत

मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. ओपीडीत माझ्या टेबलावर येणाऱ्या केसपेपरवर वय, वजन, रक्तदाब, साखर असं सगळं आकड्यांत लिहिलेलं असतं. धूम्रपानापुढे मात्र एकच चौकोन असतो, हो किंवा नाही. दम लागतो म्हणून आलेल्या माणसाबद्दल मला सगळ्यात आधी जे कळायला हवं, तेच तिथे नसतं. हा चौकोन काढून त्या जागी चार आकडे लिहिण्याची सोय करावी, एवढ्यासाठी हे जाहीर पत्र.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो सिगारेट सोडलेल्यांच्या बाबतीत. साठीचा माणूस खिडकीपाशी येतो, कर्मचारी विचारतो, “सिगारेट ओढता का?” तो खरं तेच सांगतो, “नाही.” नोंद होते आणि पुढचं कोणी विचारत नाही. आता याच माणसाला खुर्चीत बसवून नीट विचारलं तर काय निघतं? (उदाहरण मी रचलेलं आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या अनेकांचं आयुष्य याच वळणाचं असतं.) सतराव्या वर्षी सुरुवात, पंचविशीपर्यंत रोज 5. मग नोकरीचा ताण, पुढची 20 वर्षं रोज 20. पंचेचाळिसाव्या वर्षी सोडली, दोन वर्षं बंद. पुन्हा लागली, रोज 10, ती चोपन्नाव्या वर्षी कायमची सुटली.

याचं गणित आम्ही पॅक-इयरमध्ये करतो. रोज 20 सिगारेटी वर्षभर ओढल्या की एक पॅक-इयर. रोजच्या सिगारेटींना 20 ने भागायचं आणि वर्षांनी गुणायचं. पाकिटात प्रत्यक्षात दहा असोत की पंचवीस, भागायचं 20 नेच. पहिल्या आठ वर्षांचे 2, मधल्या वीस वर्षांचे 20, शेवटच्या सात वर्षांचे साडेतीन. एकूण 25.5 पॅक-इयर. केसपेपरवर लिहिलं होतं ‘नाही’.

या साडेपंचवीस आकड्यावर पुढचं बरंच काही ठरतं. अमेरिकेत 53 हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2011 मध्ये आले. 55 ते 74 वयाचे, किमान 30 पॅक-इयर झालेले आणि अजून ओढणारे किंवा गेल्या 15 वर्षांत सोडलेले लोक त्यात होते. कमी किरणोत्सर्गाच्या सीटी स्कॅनने दरवर्षी तपासलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू साध्या एक्स-रेने तपासलेल्यांपेक्षा 20 टक्क्यांनी कमी होते. 2021 मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीने असा स्कॅन कोणाचा करावा याची मर्यादा 20 पॅक-इयर आणि वय 50 वर आणली. म्हणजे वरचा माणूस जुन्या निकषात बसत नव्हता, नव्या निकषात बसतो. ‘नाही’ असं लिहिलेला माणूस मात्र कुठल्याच निकषात बसत नाही, कारण त्याच्यापर्यंत कोणी पोहोचतच नाही.

मग सगळ्यांचाच स्कॅन का करू नये, असं कोणी आपल्याला सुचवेल. त्याच चाचणीत स्कॅनच्या फेऱ्यांमध्ये सुमारे 24 टक्के अहवाल संशयास्पद आले आणि त्यांतल्या 96 टक्क्यांहून अधिकांमध्ये कर्करोग नव्हता. संशय आला की पुन्हा स्कॅन, कधी सुई घालून तपासणी, आणि घरच्यांची झोप उडते ती वेगळीच. ज्याचा धोका कमी आहे त्याला यात ओढणं हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून आधी धोका मोजायचा आणि मग कोणाला बोलवायचं ते ठरवायचं.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. नुसता पॅक-इयरचा गुणाकार लिहून ठेवू नका. रोज 10 अशी 40 वर्षं म्हणजे 20 पॅक-इयर, आणि रोज 40 अशी 10 वर्षं म्हणजेही 20. कागदावर दोघे सारखे दिसतात. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत ते सारखे नाहीत. ब्रिटिश डॉक्टरांच्याच धूम्रपानाच्या दीर्घ अभ्यासावरून संशोधक रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पीटो यांनी 1978 मध्येच मांडलं होतं की रोजच्या संख्येपेक्षा किती वर्षं ओढली याचं वजन कितीतरी जास्त आहे. “मी फार नाही हो, दिवसाला चार-पाचच” असं म्हणणारा, चाळीस वर्षं ओढणारा माणूस स्वतःला सुरक्षित समजतो आणि आपला केसपेपरही त्याला तसंच समजतो. म्हणून चार आकडे वेगवेगळे हवेत : सुरुवातीचं वय, रोजची सरासरी, मधले खंड वगळून झालेली वर्षं, आणि सोडली असल्यास सोडल्याचं साल. गुणाकार संगणक करील.

सोडल्याचं साल का, तर त्याच डॉक्टरांच्या अभ्यासाच्या पन्नास वर्षांच्या निष्कर्षांनुसार (2004) साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला सुमारे 3 वर्षं, पन्नासाव्या वर्षी 6, चाळिसाव्या वर्षी 9 आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला जवळजवळ 10 वर्षं आयुष्य परत मिळतं. श्वासनलिकांचंही तसंच. गेलेली ताकद परत येत नाही, पण सोडल्यावर घसरण मंदावते आणि कधीच न ओढणाऱ्याच्या वेगाजवळ येते. हे रुग्णाला त्याच्याच आकड्यांवर बोट ठेवून सांगितलं की तो ऐकतो, हा माझा अनुभव आहे.

रक्ताची तपासणी करून हे कळणार नाही का, असा प्रश्न मला अधिकाऱ्यांनीही विचारला आहे. नाही कळणार. निकोटिनपासून शरीरात तयार होणारं कोटिनिन गेल्या काही दिवसांचंच सांगतं, आणि श्वासातला कार्बन मोनॉक्साइड फार तर कालपासूनचं. चाळीस वर्षांचा हिशेब फक्त त्या माणसाकडेच असतो, त्यामुळे विचारण्याला पर्याय नाही. आणि विचारण्याचीही एक रीत असते. “सरासरी किती?” म्हटलं की उत्तर ठरलेलं, दहा किंवा वीस. त्याऐवजी “नोकरीला लागलात तेव्हा किती? लग्नानंतर? मुलगी झाली तेव्हा काही दिवस बंद केली होती का?” असं आयुष्याच्या टप्प्यांना धरून विचारलं की माणूस स्वतःच आठवत जातो, मध्येच स्वतःला दुरुस्त करतो. आमच्या परिचारिका हे उत्तम करतात. त्याला दोन-तीन मिनिटं लागतात आणि थोडं प्रशिक्षण.

आकडा मोठा निघाला की दम, खोकला, कफ असलेल्यांची स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून करायची श्वासाची चाचणी, लगेच व्हावी. आज बरेच जण वर्षानुवर्षं खोकल्याचं औषध घेत फिरतात आणि निम्मी ताकद गेल्यावर आमच्याकडे येतात. आकडा लहान किंवा शून्य असला तरी लक्षणं असतील तर तपासणी टाळू नये. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर, कामावरची धूळ, स्वयंपाकाचा धूर यांनीही फुप्फुसं बिघडतात.

आणखी एक विनंती, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ही नोंद विमा कंपनीच्या किंवा मालकाच्या हाती जाता कामा नये. उपचार नाकारण्यासाठी ती वापरली जाणार नाही, हे आपल्या आदेशातच स्पष्ट लिहावं. एकदा का लोकांना वाटलं की खरं सांगितल्याचा दंड बसतो, की सगळेच ‘नाही’ म्हणतील.

आदेश काढण्याआधी एखाद्या रुग्णालयात महिनाभर हा नमुना वापरून पाहावा. आपल्या विभागाने बोलावलं तर परिचारिकांच्या प्रशिक्षणाला मी स्वतः येईन.

आपली विश्वासू,
एक छातीविकारतज्ज्ञ