पुरुषांनी स्कर्ट घालावा का हे बास झालं, कसा घालायचा ते छापा

संपादक साहेब, नमस्कार.

पुरुषांच्या स्कर्टवर पेपरात जे काही येतं ते सगळं घालावा का घालू नये ह्याच्यावरच येतं. कोणी हिरो घालून आला की मोठा फोटो, खाली दोन ओळी आणि मग आठवडाभर मतंच मतं. २०२२ ला ब्रॅड पिट बर्लिनला प्रीमियरला लिननचा तपकिरी स्कर्ट घालून आला तेव्हाही तेच. उन्हाळ्यात लिननच का, त्याची उंची कुठपर्यंत, खाली कसले बूट चालतात, ह्यावर मी वाचलं त्यात एक ओळ नव्हती. मी कपडे शिवते, माझ्याकडे पुरुषही स्कर्ट शिवून घ्यायला येतात, आणि हिंमत त्यांच्याकडे भरपूर असते हो, गाडी अडते ती शब्दांपाशी आणि साध्यासाध्या सवयींपाशी.

येतात ते मोबाईलवर फोटो दाखवतात, असाच पाहिजे म्हणतात. कंबर किती विचारलं की पॅन्टचा नंबर सांगतात. आता पॅन्ट बसते बेंबीच्या बरीच खाली, आणि बरेचसे स्कर्ट बसतात बेंबीच्या आसपास, म्हणजे तो नंबर इथे उपयोगाचाच नाही. टेप घ्या, स्कर्टचा वरचा पट्टा जिथे बसवायचाय तिथली कंबर मोजा, मग सीट म्हणजे मागचा सगळ्यात रुंद भाग मोजा, आणि पट्ट्यापासून जिथे संपायला हवा तिथपर्यंतची उंची. नी-लेंथ, मिडी, मॅक्सी हे शब्द माहीत असलेले बरे (गुडघा, पोटरी, घोटा असं धरून चाला) पण शिवणाऱ्याला इंचातच सांगा, कारण एकाच्या गुडघ्याला येणारा स्कर्ट दुसऱ्याच्या मांडीवर राहतो.

रेडिमेड घेणाऱ्यांचं तर अजून अवघड. बायकांचा स्कर्ट कंबर आणि सीट ह्यात चांगला फरक धरून कापलेला असतो, मागे टक्स (फिटिंगसाठी आत घेऊन शिवलेल्या निमुळत्या चुण्या) घातलेले असतात, पुरुषाच्या अंगात तो फरक कमी असतो, मग कंबरेला बरोबर बसलेला स्कर्ट बाजूंना फुगतो आणि माणूस समजतो की आपल्याला स्कर्ट शोभतच नाही. अहो कट चुकलाय, तुमचं अंग नाही! पेन्सिल म्हणजे अंगासरशा अरुंद स्कर्टमध्ये हे सगळ्यात जास्त दिसतं, आणि त्याला मागे स्लिट म्हणजे चीर नसली तर नेहमीसारखं पाऊलही टाकता येत नाही. सुरुवातीला ए-लाइन (खाली हळूहळू पसरत जाणारा) घ्या, किंवा रॅप (गुंडाळून बांधायचा), किंवा नेफ्यात इलॅस्टिक घातलेला.

घेर हा शब्द तर पाठच करा. खालून कापड किती फिरतं तो घेर, त्यावर तुमचं चालणं, बसणं, वारा सगळं ठरतं. कळ्यांचा स्कर्ट कंबरेला सपाट राहून खाली उघडतो, चुण्यांचा पोटापासूनच फुगतो, प्लीट्सचा म्हणजे दाबून बसवलेल्या घड्यांचा उभं राहिल्यावर मिटलेला असतो आणि पाऊल टाकलं की खुलतो. पूर्ण गोल स्कर्ट पाहिजे असेल तर कंबरेला ६.२८ ने भागा, म्हणजे ३६ इंच कंबर असेल तर मधल्या गोलाची त्रिज्या पावणेसहा इंच, वर शिलाईपुरतं कापड सोडायचं ते वेगळं. गोल स्कर्ट काही ठिकाणी उरेब म्हणजे विणीला तिरका पडतो आणि उरेब कापड लोंबतं, म्हणून एक दिवस टांगून ठेवा आणि मगच खालची दुमड घाला, घाईत घातली तर आठवड्यात खालची कड वरखाली होते.

किल्टवाल्यांचं बघा, किल्ट म्हणजे स्कॉटलंडमधला पुरुषांचा पारंपरिक स्कर्ट. पुढे सपाट पदर, मागे प्लीट्स, पदर उजव्या बाजूला उघडतो, बसतो बेंबीच्या उंचीवर आणि संपतो गुडघ्याच्या मध्यावर, पारंपरिक किल्टला ८ यार्डांपर्यंत कापड जातं. पिन फक्त वरच्या पदरातून घालायची, दोन्ही पदरांतून घातली की कापड ओढलं जातं आणि फाटतं. खिसे नसतात म्हणून पुढे स्पोरन नावाची थैली. स्कॉटलंडच्या हायलँड्स ह्या डोंगराळ भागात १७४६ च्या कायद्याने ह्या कपड्यावर बंदी घातली होती, ती १७८२ ला उठली, एवढं होऊनही हे बारकावे आज सांगता येतात कारण तिथे सांगणारी माणसं आहेत. ज्याच्या घरात आधी कोणी पुरुषाने स्कर्ट घातला नाही त्याने कोणाला विचारायचं? २०१७ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये नांतच्या बसड्रायव्हरांनी उन्हाळ्यात शॉर्ट्सला परवानगी नाही म्हणून स्कर्ट घातले, त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये एक्सेटरच्या एका शाळेतल्या मुलांनीही तेच केलं. निषेध म्हणून छान बातमी झाली, पण बस चालवायची तर मांडीवर कापड ताणलं जाऊ नये म्हणून घेर किती लागतो हा प्रश्न मला शिवणारी म्हणून लगेच पडला.

आता वावरायचं. बसताना दोन्ही हात मागून खाली फिरवून कापड मांडीखाली सपाट करायचं आणि मग बसायचं, प्लीट्स असतील तर हे सोडूच नका, नाहीतर उठल्यावर चुरगळलेल्या दिसतात. खाली काही पडलं तर कंबरेतून न वाकता एक गुडघा टेकून उचला. कारमधून उतरताना आधी दोन्ही गुडघे एकत्र दाराकडे वळवा. लांब स्कर्ट असेल तर जिना चढताना पुढची कड जराशी उचला, सरकत्या जिन्यावर कड गोळा करून हातातच धरा, आणि सायकलला चेनकव्हर नसेल तर लांब स्कर्ट घालून बसूच नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. वाऱ्याला हलकं कापड उडतं, जाड कापड घ्या किंवा दुमडीत छोटी वजनं शिवून घ्या. मांड्या घासून सोलवटतात त्याला आत सायकलिंग शॉर्ट्स. सिंथेटिक कापड पायाला चिकटतं त्याला सुती अस्तर, नाहीतर आत सुती परकर. खिसा सांगून करून घ्या, पण त्याची पिशवी वरच्या पट्ट्यात अडकवायला सांगा, नुसत्या बाजूच्या शिलाईत बसवली तर फोनच्या वजनाने एक बाजू खाली ओढली जाते.

बायकांना ह्यातलं बरंचसं येतं कारण लहानपणी कोणीतरी नीट बस, पाय जवळ घे म्हणून ओरडलेलं असतं. त्या ओरडण्यात शिकवणं कमी आणि लाज जास्त होती असं मला वाटतं. पुरुषांना शिकवताना तेवढं वगळावं, कापड कसं पडतं आणि अंग कसं हलतं एवढंच सांगितलं तरी पुरतं. आणि पुरुषांनो, बहिणीला, मैत्रिणीला, बायकोला सरळ विचारा, मी पाहिलंय की विचारलं की त्या आनंदाने आणि भरभरून सांगतात.

तर तुमच्या पुरवणीत कपड्यांच्या पानावर अशी मापं, असे शब्द महिन्यातून एकदा तरी यावेत ही विनंती, लिहून द्यायला मी तयार आहे. तोपर्यंत जो कोणी पहिला स्कर्ट शिवून घेतोय त्याने दुमड पक्की करू देऊ नये, कच्चे टाके घालून घरी न्यावा, जे बूट घालणार तेच घालून दोन दिवस जिना चढावा, खुर्चीवर, जमिनीवर बसावं, वाकावं, उठावं, आणि मग किती इंच वर का खाली ते शिवणाऱ्याला येऊन सांगावं.

- कपडे शिवणारी एक वाचक