शेरीफची पाटीलकी

टक्सन, अ‍ॅरिझोना

ती. आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

मागे फोनवर तुम्ही विचारलंत, "शेरीफ म्हणजे आपला फौजदारच ना?" मी हो म्हणून मोकळा झालो. चुकलंच माझं. शनिवारी डग्लस गावाच्या पुढे, मेक्सिकोच्या अगदी हद्दीवर, जॉन स्लॉटर नावाच्या शेरीफचा वाडा पाहून आलो.

वाडा म्हणजे उन्हात वाळवलेल्या विटांचं बैठं घर. आधीचं घर १८८७ च्या भूकंपात पडलं. चहूकडे रखरखाट आणि मध्येच तळं, झऱ्याच्या पाण्याचं. हे पाणी होतं म्हणूनच इथे गुरं टिकली. १८२२ सालचं हे मेक्सिकन इनाम, सुमारे ६५ हजार एकर, स्लॉटरने १८८४ मध्ये घेतलं. एकर म्हणतोय, गुंठे नाही! त्यातली बरीचशी जमीन हद्दीपलीकडे.

पुढे १८८७ पासून चार वर्षं तो कोचीस काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) शेरीफ. मतं मागून निवडून आलेला! चोर पकडायचे, तुरुंग सांभाळायचा आणि करही वसूल करायचा, वर वसुलीत त्याचा हिस्सा. आपल्याकडे पूर्वी वसुलीचा मुलकी पाटील वेगळा, पोलीस पाटील वेगळा. इथे तेव्हा दोन्ही एकाच्याच अंगावर. आपल्या मुंबईचा शेरीफ बिचारा नुसता मानाचा. स्लॉटरच्या हाताखालचा एक डेप्युटी, बर्ट अल्व्हर्ड, पुढे स्वतःच आगगाडी लुटण्याच्या कटात निघाला. स्लॉटर गुंडांना म्हणे आधी मुलूख सोडायला सांगायचा, आणि न ऐकणारे पुष्कळदा जिवंत परतत नसत. लोक हे कौतुकाने सांगतात. मला काही ते गोड लागलं नाही.

मन अडकलं ते एका मुलीपाशी. १८९६ मध्ये लष्कराबरोबर स्लॉटर अपाची लोकांच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, तळावर छापा घालायला गेला. माणसं पळाली, एक लहान पोर मागे राहिली. तिला त्याने घरी आणून वाढवलं, अपाची मे म्हणायचे तिला. त्याच्या मागेमागे असायची म्हणतात. १९०० साली कपड्यांनी पेट घेतला आणि गेली. ज्याने तिच्या माणसांना हुसकावलं त्याच्याच घरात तिला माया मिळाली. हे कुठल्या खात्यात मांडायचं, आप्पा?

आपल्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांच्या पाटीलकीची सनद आहे ना? तिचा फोटो काढून पाठवा. आपल्याआधी ती वतनाची जमीन कोण कसत होतं, याचा काही उल्लेख सापडतो का तेही बघा. मोडी वाचायला जोशीमास्तरांना बोलवा.

आईला नमस्कार. गुडघ्याला तेल लावतेय ना?

तुमचा,
सुहास