यंत्र कधी सुरू झाले, ते आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालप्रवासाच्या रहस्यकादंबऱ्यांवर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखाचा सूर असा की, कालप्रवास मुळातच अशक्य, तेव्हा लेखकाला रान मोकळे. गेलेल्या माणसाला भेटायला नायकाने वाटेल त्या साली जावे, वाचकाने त्याचे दुःख तेवढे समजून घ्यावे. हे पटले नाही. या रानाला कुंपण आहे, आणि शोकाची व रहस्याची खरी जागा त्या कुंपणापाशीच आहे.

अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ रोनाल्ड मॅलेट यांचे उदाहरण घ्या. त्यांचे वडील टीव्ही दुरुस्तीचे काम करत. मे १९५५मध्ये ते हृदयविकाराने गेले, तेव्हा त्यांचे वय ३३ आणि मुलाचे १०. पुढे एच. जी. वेल्स यांच्या कालयंत्राच्या कथेची चित्रकथा त्या मुलाच्या हाती पडली आणि वडिलांना पुन्हा भेटायचे, हे त्याच्या मनाने घेतले. लोक हसतील म्हणून मॅलेट यांनी हा हेतू कित्येक वर्षे कृष्णविवरांच्या अभ्यासाआड दडवला. गोल फिरवलेला लेसर प्रकाश भोवतालचे अवकाश सोबत ओढतो, हे त्यांचे गणित २०००मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून कालयंत्राची कल्पना पुढे आली. २००५मध्ये केन ओलम आणि अ‍ॅलन एव्हरेट या भौतिकशास्त्रज्ञांनी तिच्यातील दोष दाखवला: गणितात धरलेल्या अवकाशात लेसर बंद असतानाही सिंग्युलॅरिटी, म्हणजे जिथे गणितच कोलमडते अशी जागा, उरते, आणि काळाचे वर्तुळ पुरे व्हायला दृश्य विश्वाहून कितीतरी मोठा पसारा लागेल.

हा वाद बाजूला ठेवला तरी एक अडचण उरतेच, आणि ती खुद्द मॅलेट यांनाही मान्य आहे. असे यंत्र ज्या क्षणी पहिल्यांदा सुरू होते, त्याच्या मागे ते कोणालाच नेऊ शकत नाही. म्हणजे ज्या १९५५साठी सारा खटाटोप, ते साल यंत्र यशस्वी झाले तरी हाती लागणार नाही.

आता हाच नियम रहस्यकथेत आणून बसवा. मृत्यू यंत्राच्या आधीचा असेल तर परत जाणे संपले, मग कादंबरी शोकाची होईल पण कालप्रवासाची नाही. मृत्यू यंत्रानंतरचा असेल तर तपासाचा पहिला प्रश्न आपोआप समोर येतो: कोणी मरण्याच्या आधीच हे यंत्र सुरू करून ठेवण्याची गरज कोणाला आणि का वाटली? यंत्र बांधणारा हा पहिला संशयित ठरतो. मराठीत अशा कथांतले यंत्र बहुधा वाड्याच्या तळघरात किंवा एखाद्या विक्षिप्त प्राध्यापकाकडे तयारच सापडते, आणि ते कोणत्या तारखेला सुरू झाले हे कोणीही विचारत नाही. एवढा मोठा दुवा फुकट जातो.

हिशेब कसा बसतो ते थोडे सविस्तर सांगायला हवे. १९८८मध्ये मॉरिस, थॉर्न आणि युर्तसेव्हर या भौतिकशास्त्रज्ञांनी वर्महोलचे, म्हणजे दूरच्या दोन जागा जोडणाऱ्या अवकाशातील बोगद्याचे, कालयंत्र कसे होईल ते मांडले. वर्महोलला दोन तोंडे. ती उघडी ठेवायला ऋण ऊर्जा लागते, तेवढे लेखकाला माफ करू. एक तोंड घरी ठेवा. दुसरे प्रकाशाच्या ०.८ पट वेगाने ५ वर्षे दूर न्या आणि तितक्याच वेगाने परत आणा. वेगाने फिरणारे घड्याळ हळू चालते, म्हणून घरच्या घड्याळात १० वर्षे होतात, फिरून आलेल्या तोंडाच्या घड्याळात फक्त ६. बोगद्याच्या आतून मात्र दोन्ही तोंडांची घड्याळे जुळलेलीच राहतात. या दोहोंतला ४ वर्षांचा फरक हेच यंत्र. दहाव्या वर्षी फिरून आलेल्या तोंडात शिरलेला माणूस घरच्या तोंडातून सहाव्या वर्षी बाहेर पडतो, अकराव्या वर्षी शिरलेला सातव्या.

समजा, मृत्यू सातव्या वर्षी झाला आणि नायकाला हे यंत्र बाराव्या वर्षी गवसले. तो शिरेल आणि आठव्या वर्षी बाहेर पडेल. एक वर्ष उशीर. तिथे दुसरे तोंड अजून वाटेत आहे, घरी पोहोचलेलेच नाही. मग त्याला तिथेच दोन वर्षे काढावी लागतील, दहावे वर्ष उजाडल्यावर पुन्हा शिरावे लागेल आणि तेव्हा कुठे सहावे वर्ष मिळेल. या दोन वर्षांत तो त्याच शहरात आहे, त्याचे धाकटे रूप चार गल्ल्या पलीकडे राहते आहे, आणि त्याला खोलीचे भाडे, दूध, औषधे, चष्म्याचा नवा नंबर हे सगळे लागणारच. भाड्याच्या पावत्या एकाच हस्ताक्षरातल्या आणि पत्ते दोन! पोलीस तपासाला याहून चांगला कागद कोणता हवा? आणि मृत्यू तिसऱ्या वर्षीचा असेल, तर कितीही फेऱ्या मारा, घरी बसलेल्या माणसाला सहाव्या वर्षाच्या मागे जाता येत नाही.

लेखकाने लिहायला बसण्याआधी दोन रकान्यांची वही करावी. डावीकडे जगाची तारीख, उजवीकडे त्या माणसाचे स्वतःचे वय, दिवसांसकट. प्रत्येक पात्राला वेगळे पान, आणि काळात फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूलाही. वस्तूंचे पान नसले की घोटाळा होतो. मुलगा भूतकाळात जाऊन वडिलांना घड्याळ देतो आणि तेच घड्याळ पुढे त्याला वारशाने मिळते, ही युक्ती फार वापरली जाते. पण प्रत्येक फेरीत त्या काचेवर चरे वाढणार, पट्टा झिजणार. फेरीच्या शेवटचे झिजलेले घड्याळ फेरीच्या सुरुवातीचे घड्याळ असू शकत नाही. निरोप किंवा आकडा असा फिरू शकतो, पण मग तो मुळात सुचला कोणाला, याचे उत्तर राहत नाही. रहस्यकथेच्या वाचकाला ती फसवणूक वाटते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

दुसरा निर्णयही सुरुवातीलाच हवा. भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांच्या सुसंगतीच्या तत्त्वाप्रमाणे जे घडले ते प्रवाशासकटच घडलेले असते. मग पहिल्या प्रकरणातल्या पंचनाम्यात नायकाच्या येण्याची खूण असलीच पाहिजे: जास्तीचा एक कप, न जुळणारे बोटाचे ठसे. काळाला फाटे फुटतात असे मानले, तर नायक वाचवतो ती दुसऱ्या फाट्यावरची आई. त्याची स्वतःची गेलेलीच राहते. आमच्या मते रहस्याला पहिला मार्ग मानवतो. पण एका कादंबरीत एकच. निम्म्या पुस्तकानंतर सोयीसाठी फाटा फोडणे म्हणजे खुनी शेवटच्या पानावर आयात करणे.

आता आपल्याकडच्या काळाविषयी. भारतीय प्रमाणवेळ १९०६मध्ये लागू झाली, तरी मुंबईत ‘मुंबई टाइम’ १९५५पर्यंत टिकून होता, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. (मॅलेट यांचे वडील गेले तेच साल, निव्वळ योगायोग.) १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात तर प्रमाणवेळच तासभर पुढे केलेली होती. तेव्हा जुन्या मुंबईत उतरलेला प्रवासी ‘साडेआठला’ म्हणाला, तर कोणत्या घड्याळात, हे लेखकाला माहीत हवे.

याला तिथीची जोड द्या. श्राद्ध तारखेने होत नाही. मृत्यूच्या क्षणी चालू असलेली तिथी धरली जाते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून पुढच्या वर्षी तो दिवस दहा-अकरा दिवस आधी येतो, मध्ये अधिक मास पडला तर अठरा-एकोणीस दिवस नंतर. तिथी आणि तारीख पुन्हा जवळपास जुळायला १९ वर्षे जातात. तरीही कादंबऱ्यांत वर्षश्राद्ध नेमके त्याच तारखेला! वास्तविक तिथी हा मृत्यूच्या वेळेचा घरात जपलेला पुरावा आहे. पंचांगात एकादशी प्रमाणवेळेने रात्री ९.२०ला संपते असे समजा. मुंबई टाइममध्ये ते ८.४१. मृत्यूच्या दाखल्यावर घरच्या, म्हणजे मुंबई टाइमच्या, घड्याळाप्रमाणे ८.५५ लिहिले आहे, आणि घरात श्राद्ध मात्र एकादशीला होते. ही १४ मिनिटे गेली कुठे? कोणी ३९ मिनिटांची वजाबाकी विसरले, की मृत्यू आधीच झाला होता आणि दाखल्यावर वेळ पुढची घातली? एवढ्या सामग्रीवर एक प्रकरण सहज उभे राहते, आणि ते दुसऱ्या कोणत्याही भाषेतल्या लेखकाला सुचणे कठीण.

बाकी किरकोळ चुका संपादकाने पकडायच्या: १ एप्रिल १९५७च्या आधी नया पैसा नाही, १५ ऑगस्ट १९७२च्या आधी पत्त्यावर पिनकोड नाही, २०१०च्या आधीच्या बिलावर ₹ हे चिन्ह नाही.

निव्वळ पुढच्या काळात जाण्याला मात्र यातली कोणतीच अट नाही. रैवत राजा रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेला, वर विचारून परतेपर्यंत सत्तावीस चतुर्युगे उलटली आणि त्याने मनात योजलेल्या वरांची नातवंडे-पतवंडेही उरली नव्हती. रेवतीचे लग्न बलरामाशी झाले एवढेच आपण सांगतो. घरचे सगळे एका दुपारीत गमावलेल्या त्या बापावर कोणी कादंबरी लिहिल्याचे ऐकिवात नाही.

पुरवणीतील परीक्षकांना एक विनंती. अशा कादंबरीचे परीक्षण लिहिताना खुनी सांगू नका, पण यंत्र कधी सुरू झाले ते लेखकाने कितव्या पानावर सांगितले आहे, तेवढा आकडा जरूर छापा.

कळावे,
आपले,
काही वाचक, दादर