सल्फर डायऑक्साइड जाते कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औष्णिक वीजकेंद्रांना एफजीडी यंत्रणेतून (चिमणीच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड काढून टाकणारी यंत्रणा) दिलेल्या सवलतीवरचा कालच्या अंकातील लेख वाचला. शहरांच्या हवेतील सल्फर डायऑक्साइड मर्यादेत असल्याने काळजीचे कारण नाही, हा त्यातील निष्कर्ष मला मान्य नाही.

हा वायू मर्यादेत दिसतो, कारण तो फार काळ वायू राहतच नाही. उन्हामुळे हवेत तयार होणारी हायड्रॉक्सिल मूलके (ऑक्सिजन-हायड्रोजनचे अतिशय क्रियाशील तुकडे) त्याच्यापासून सल्फ्युरिक आम्लाचे बाष्प बनवतात. ढगांच्या थेंबांत तर हे काम याहून लवकर उरकते. त्या बाष्पाला पाणी आणि अमोनिया भेटले की रेणूंचे पुंजके बांधले जातात. बहुतेक पुंजके लगेच विस्कटतात, पण जे दीड-दोन नॅनोमीटरच्या पुढे जातात ते टिकतात आणि सेंद्रिय बाष्पांचे थर चढत तासाला काही नॅनोमीटर या गतीने वाढत राहतात. हवेत आधीच धूर दाटलेला असेल तर नवे कण कमी जन्मतात हे खरे; पण मग तेच आम्ल जुन्या कणांवर साचते आणि त्याचे क्षार, म्हणजे सल्फेट, श्वासात जातातच. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील 'क्लाउड' प्रयोगात 2011 साली दिसले की हवेच्या दहा अब्ज रेणूंमागे अमोनियाचा एखादा रेणू असला, तरी असे कण जन्मण्याचा वेग शंभर ते हजार पटींनी वाढू शकतो. युरिया टाकलेली शेते आणि भरलेले गोठे असलेल्या आपल्या मुलखात अमोनियाची वाण नाही.

मी आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. हायड्रोक्लोरिक आम्लाची आणि अमोनियाची बाटली उघडून शेजारी धरली की मधल्या हवेत पांढरा धूर उभा राहतो, हे अकरावीच्या प्रत्येक तुकडीला दाखवले. दोन्ही वायू रंगहीन, जवळपास धुळीचा कण नाही, आणि तरी डोळ्यांदेखत कण तयार होतात. काही वर्षांपूर्वी एका वीजप्रकल्पाच्या विस्ताराच्या जनसुनावणीत मी विचारले की, अहवालात चिमणीतून निघणारी राख मोजली आहे, पण वायूपासून वाऱ्याच्या वाटेवर पुढे तयार होणारे कण कोणत्या तक्त्यात आहेत? मंचावरून उत्तर आले, "तो विषय वेगळा आहे, पुढचे नाव घ्या," आणि माझ्या हातातला माइक काढून घेतला गेला. इतिवृत्तात माझ्या प्रश्नाची नोंद 'धुळीबाबत तक्रार' अशी झाली. ते दोन शब्द मला आजही बोचतात.

11 जुलै 2025 च्या अधिसूचनेने देशातील सुमारे 78 टक्के औष्णिक वीजसंचांना एफजीडीतून सूट मिळाली, आणि ती ठरवताना दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासूनचे 10 किलोमीटर अंतर हा एक निकष धरला गेला. या वायूचे सल्फेट होण्यास काही तासांपासून एक-दोन दिवस लागतात. ताशी 15 किलोमीटरचा साधा वारासुद्धा दिवसभरात 360 किलोमीटर जातो. तो दक्षिणेचा असेल तर तेवढ्या वेळात चंद्रपूरची हवा नागपूर ओलांडून मध्य प्रदेशात पोहोचेल. अशा कणांना 10 किलोमीटरचे वर्तुळ कसे अडवणार?

आपल्याकडेही एक तक्रार आहे. हवेच्या निर्देशांकाच्या रोजच्या चौकटीत आपण पीएम 2.5 ला (अडीच मायक्रोमीटर व त्याहून लहान कणांना) सरसकट 'धूळ' म्हणता आणि शेजारी रस्ता झाडणाऱ्या यंत्राचे छायाचित्र देता. त्या यंत्राने अमोनियम सल्फेट, म्हणजे वर सांगितलेल्या आम्ल आणि अमोनियाचे कण, निघत नाही. कृपया तेथे 'सूक्ष्मकण' असे छापावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नागपूर